दिवाळीची पाहुणी

जनगणनेची मोजणीवाली बाई पलीकडच्या गल्लीत आली आहे हे कळलं, तशी सोजरबाईंनी लेकीला मळ्यात पिटाळलं.

"जाय, सांबाराचा वाफा सुकून राह्यला असन. पाणी दे त्याले."

"सकाळीच तर देलं, माय."

"मंग वांग्याले दे. अन् सांज झाल्याबिगर येऊ नको."

वैष्णवीने आईकडे पाहिलं. डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि मागच्या दाराने निघून गेली. मे महिन्यातल्या वाशीमच्या उन्हात कुणी कुत्र्यालाही घराबाहेर काढत नाही, आणि आपण पोटच्या पोरीला काढलं, हे सोजरबाईंना कळत होतं. पण जीव नुसता टांगणीला लागला होता.

वैष्णवी त्यांचं शेंडेफळ. मेडशीला दिलेली. दिवाळीत भाऊबीजेला म्हणून आली ती अजून इथेच होती. त्यांच्यात रीत अशी, की माहेरी आलेली लेक आपल्या पायाने परत जात नाही. सासरचं कुणीतरी न्यायला येतं, मग तिची ओटी भरायची, साडीचोळी द्यायची आणि वेशीपर्यंत पोचवायची. देवदिवाळी झाली तरी कुणी आलं नाही. संक्रांत झाली, होळी झाली, अक्षय तृतीयेचे आंबेही खाऊन झाले. जावई हरीओम पुण्याला कंपनीत. लग्नाला सहा वर्षं झाली, पण बायकोला त्याने एकदाही तिकडे नेलं नव्हतं. मूलबाळ नाही, त्याचा दोष सासूने वैष्णवीच्या माथी मारला होता.

गल्लीत कुणी विचारलं, की सोजरबाई म्हणत, "पाहुणी हाय. पेरणीच्या आंदी येतीन न्यायले." ओटीचा खण त्यांनी दिवाळीतच आणून ट्रंकेत ठेवला होता. हिरवा, बारीक बुट्ट्यांचा.

मोजणीवाली बाई दारात आली तेव्हा घामाने चिंब होती. शाळेतली मास्तरीण, ज्योत्स्ना तिचं नाव. सोजरबाईंनी माठातलं पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला. तिने मोबाईल काढून एकेक विचारायला सुरुवात केली. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, नळ आहे का, टीव्ही आहे का.

"मुख्य धान्य कोणतं खाता, मावशी? ज्वारी, गहू, तांदूळ?"

"ज्वारीच. दुसरं काय खातीन?"

"या गल्लीत तुम्ही पहिल्याच. बाकी सगळ्यांनी गहूच सांगितला."

सोजरबाईंना उगीच बरं वाटलं. एके काळी या भागात ज्वारीची कणसं माणसाच्या डोक्यावर जात. आता जिकडेतिकडे सोयाबीन, आणि सोयाबीनची काही भाकर होत नाही.

"कुटुंबप्रमुख कोण?"

"विकास. माहा पोरगा."

"ते इथं राहतात?"

"नाई. पुण्याले."

"मग ते तिकडे मोजले जातील. जो या घरात राहतो, तुमच्या चुलीवर जेवतो, तोच इथला. प्रमुख म्हणून तुमचंच नाव टाकते. आणि घरात माणसं किती?"

हाच प्रश्न येणार हे माहीत असूनही त्यांची नजर दाराकडे गेली. बाहेर दोरीवर वैष्णवीचा पंजाबी ड्रेस वाळत होता. तो काढायचा राहून गेला होता.

"एकटीच," त्या म्हणाल्या.

"लग्न झालेली जोडपी किती?"

"कुठली जोडपी, बाई. मी रांडमुंड बाई."

ज्योत्स्नाने दोरीकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. दारावर लाल खडूने नंबर घातला. जाता जाता वळून म्हणाली, "मावशी, हे सगळं मी सांजच्याला पाठवते. काही सांगायचं राहिलं असलं, तर तोवर मी मागच्या ले-आउटमधल्या घरांतच आहे."

ती गेली, पण सोजरबाईंना चैन पडेना. आपण केलं ते बरोबरच केलं, असं त्या स्वतःला समजावत होत्या. इथे लिहिली असती तर उद्या मेडशीवाले म्हणाले असते, तुम्हीच तर लेक ठेवून घेतली, सरकारदरबारी लिहून दिलं, आता आम्ही कशाला येऊ? ती मेडशीची सून. तिकडेच लिहिली असेल. पण असेल ना?

एवढी साधी गोष्ट, फोन करून विचारता येईल. तेवढंच बोलायला निमित्त. त्यांनी विहिणीला, अंजनाबाईंना फोन लावला.

"राम राम, इहीनबाई. जेवण झाले काय?"

"झाले न. तुमचं सांगा."

"काई नाई, इथं मोजणीवाली आलती. म्हटलं तुमच्याइकडे आली का नाई."

"आलती की परवा. लयच विचारत होती बाप्पा. संडास हाय का, गाडी हाय का."

"मंग... माणसं किती लिवले?"

"तिघं. आमी दोघं अन् हरीओम."

सोजरबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "हरीओम तर पुण्याले हाय न?"

"असन पुण्याले. पोरगा घरचाच न, बाई. त्याले काय वाऱ्यावर सोडता?"

"अन् वैष्णवी?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग अंजनाबाई म्हणाल्या, "थे कुठं हाय इथं? थे तर तुमच्याजौळ हाय. तुमी लिवलीच असन की."

फोन ठेवल्यावर सोजरबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांना वैष्णवी आठवली नाही. आठवली ती रामीबाई.

रामीबाई म्हणजे त्यांची थोरली नणंद. सोजरबाई या घरात नव्या नवरी म्हणून आल्या, तेव्हा रामीबाई दिवाळीला आलेली होती. तिलाही कुणी न्यायला आलं नाही. सासूबाई सांगायच्या, पाहुणी हाय, येतीन. मळ्यातली निंदणी ती करायची, बाजाराच्या टोपल्या ती भरायची, सोजरबाईंची तिन्ही बाळंतपणं तिने काढली. आणि मोजणीचे गुरुजी आले की सासूबाई तिला गोठ्यात पाठवायच्या. एक्क्याऐंशी सालचं सोजरबाईंना लख्ख आठवत होतं. लेकरं मोजू नयेत, दृष्ट लागते, म्हणून सासूबाई आकडा सांगेनात. शेवटी गुरुजींनी लेकरांना विहिरीच्या काठावर ओळीने उभं केलं आणि आपणच मोजलं. सुना मोजल्या, म्हातारा मोजला. रामीबाई गोठ्याच्या फटीतून बघत होती. ती हसून म्हणाली होती, "मले दृष्ट लागाची चिंता नाई."

म्हातारी होऊन ती याच घरात मेली, पण पाहुणी म्हणूनच. तिचा ओटीचा खण सासूबाईंच्या पेटीत निघाला. घड्यांवर विरून गेला होता, हाताला लावला तर तुकडे पडत होते. तिच्या सासरचं तेराव्यालाही कुणी आलं नाही. इतक्या मोजण्या झाल्या देशात, त्यातल्या एकीतही रामीबाई नव्हती.

सोजरबाई उठल्या. डोक्यावरून पदर घेतला, चपला पायात सरकवल्या आणि दाराला कडी न लावताच बाहेर पडल्या.

शेजारच्या धनीबाई ओट्यावर सावलीला बसल्या होत्या. "काहून वो सोजरबाई, एवढ्या उन्हात? जावई आले का काय न्यायले?"

एरवी त्यांनी सवाईने उत्तर दिलं असतं. आज त्या नुसत्या चालत राहिल्या.

मागचं ले-आउट, ही प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, म्हणजे पूर्वी त्यांच्याच भाऊबंदांचे मळे होते. गाजरं, मुळे, मेथी, सगळ्या वाशीमला इथून जायची. पहाटे टोपल्या घेऊन बाया ओळीने निघायच्या, आणि कुणाच्या घरात आज भाजी कशाची, हेही एकमेकींना ठाऊक असायचं. आता सिमेंटचे रस्ते, दोन्ही बाजूंना रंगवलेली घरं, आणि सोजरबाईंना त्यातलं एक दार ओळखीचं वाटेना. प्रत्येक दारावर लाल खडूचा नंबर तेवढा होता. त्या नंबरांमागे त्या चालत राहिल्या.

पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्यालाही. तिसऱ्या घरातून चड्डी-बनियनवर पोरं बाहेर आली. पोलीस भरतीच्या तयारीला आलेली, एका खोलीत सहा जण. "मॅडम? त्या तर मघाच गेल्या, आजी." पुढच्या दारात एक माणूस पाणीपुरीच्या पुऱ्या तळत होता, त्याला मराठी येईना. "गिनतीवाली? उधर, उधर," त्याने झाऱ्याने दाखवलं. त्याच्या पलीकडे मोठा बंगला, आणि ओसरीवर एक म्हातारा खुर्चीत एकटाच. पोरगा हैदराबादला, पोरगी परदेशात, हे सोजरबाईंनी न विचारताच सांगायला लागला. "बसा न जराक. मॅडमनं पाणीबी घेतलं नाई माह्याइथं."

"बसाले टाइम नाई, भाऊ. कुठं गेली थे?"

"गेली असन घरी. ऊन किती हाय."

घरी! सोजरबाई झपाझप पुढे निघाल्या. ती मोबाईलवरचं पाठवून टाकेल. एकदा गेलं की गेलं. या एवढ्या गर्दीत, जिथे पुऱ्या तळणारा परमुलखातला माणूसही मोजला गेला, तिथे इथल्याच मातीत वाढलेली आपली पोर कुठेच नाही. मेडशीत नाही, वाशीमला नाही. चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी चपला हातात घेतल्या. तापलेल्या सिमेंटवर पाय ठरेनात, म्हणून त्या रस्त्याच्या कडेच्या गवताने पळाल्यासारख्या चालू लागल्या.

शेवटच्या घराच्या दारात ज्योत्स्नाच्या सँडल दिसल्या. आत ती खाली बसून लिंबाचं सरबत पीत होती. समोर घरची बाई, सायली नाव तिचं, मांडीवर पोरगं घेऊन उत्तरं देत होती.

"आमी किन्हीराजाचे, मॅडम. हे तिकडेच असतात, वावर पाहाले. मी इथं खोली करून राहते, या पोराच्या, आदर्शच्या इंग्रजी शाळेसाठी."

किन्हीराजा ऐकताच सोजरबाई उंबऱ्यावर थबकल्या. किन्हीराजा म्हणजे मेडशीकडचंच गाव. इथे बोललेला शब्द दोन दिवसांत अंजनाबाईंच्या ओसरीवर पोचणार.

"मावशी!" ज्योत्स्ना उठली. "अनवाणी काय आल्या? बसा, बसा आधी."

"बसत नाई. मले सांगाचं हाय."

"बाहेर बोलू का?"

सोजरबाईंनी सायलीकडे पाहिलं. सायलीच्या डोळ्यांत उत्सुकता भरली होती, हातातला पंखा थांबला होता. बाहेर बोलता आलं असतं. पण रामीबाई आयुष्यभर बाहेरच होती की, गोठ्यात.

"कायले बाहेर? माह्या घरात दोघी हायेत. मी अन् माही पोरगी वैष्णवी. थे दिवाळीपासून माह्याच चुलीवर जेवते. मेडशीवाल्यायनं तिले लिवलं नाई, पुण्याचा पोरगा लिवला. मंग मी लिवतो."

बोलून झाल्यावर त्यांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. त्या उंबऱ्यावरच बसल्या. सायलीने पोराला खाली ठेवलं आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे केला.

"पाठवलं नाहीये अजून," ज्योत्स्ना मोबाईलवर बोट फिरवत म्हणाली. "तुमचं मी मुद्दाम ठेवलं होतं. मावशी, कुणाचं नाव नाही सांगत, पण आज सकाळपासून हे तिसरं घर. पाहुणी म्हणतात. कधीपासूनची पाहुणी विचारलं, की गप्प बसतात."

"तिसरं?"

"या एवढ्याशा भागात."

सोजरबाईंना एकदम धनीबाईंची थोरली लेक आठवली. ती माघ महिन्यात आली होती ना? की त्याच्याही आधी? 

"दोन केलं," ज्योत्स्ना म्हणाली. "आता नुसता आकडा आहे. एकेकाचं नाव फेब्रुवारीत लिहायचं आहे. तेव्हा वय, लग्न, सासर, सगळं विचारतील."

म्हणजे अजून संपलं नव्हतं. फेब्रुवारीपर्यंत मधे पोळा होता, दसरा होता, आणखी एक दिवाळी होती.

घरी आल्या तेव्हा वैष्णवी चुलीपुढे पीठ मळत होती. तोंड उन्हाने लाल झालं होतं. "दार उघडं टाकून कुठं गेलती, माय? मी किती घाबरली!"

"तुले मोजाले गेलती."

वैष्णवीचा हात थांबला. तिने पुढचं सगळं ऐकून घेतलं. अंजनाबाईंचा फोन, तिघं, पुण्याचा हरीओम. ती रडेल असं सोजरबाईंना वाटलं होतं. ती रडली नाही. पिठाचा गोळा हातावर घेऊन थापायला लागली.

"अन् आता न्यायले आले मंग?" तिने विचारलं.

"आले तर चहा पाजू. मंग पाहू."

"त्या किन्हीराजाच्या बाईनं सांगतलं तर येतीनच. भांडाले येतीन."

"येऊ दे."

बोलल्या खऱ्या, पण तेवढ्यात रस्त्यावर ऑटो थांबल्याचा आवाज आला आणि सोजरबाईंचा जीव पुन्हा दारापाशी गेला. ऑटो पुढच्या घरचा होता. त्या थोडा वेळ तशाच कानोसा घेत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, ट्रंक उघडली आणि हिरवा खण काढून आणला. घडीवर पुसटशी पिवळी रेघ धरायला लागली होती.

"हा शिवून घे उद्या."

"हा तर ओटीचा हाय न, माय. जाताना द्यायचा."

"ट्रंकेत ठेवला तर विरते," सोजरबाई म्हणाल्या. "अंगात घाल."

वैष्णवीने पिठाचे हात दुपट्ट्याला पुसले आणि खण घेतला. बराच वेळ बोटांनी बुट्टे चाचपत राहिली.

"फेब्रुवारीत थे बाई येईन," ती म्हणाली, "तवा मले मळ्यात नको धाडू. माहं मी सांगीन."

तव्यावरची भाकर फुगली होती. सोजरबाईंनी ती उलटली आणि दुसरीसाठी पीठ पुढे ओढलं.