हवालदार अजून बसलेला आहे

मी शिट्टी बोलतेय. एरवी कुणी फुंकल्याशिवाय माझ्या तोंडून अवाक्षर निघत नाही, पण आज गप्प राहणं माझ्यानं होत नाही. टेकडीच्या वाटेवर एका लाकडी खांबाच्या खिळ्याला मला अडकवून ठेवलंय. इथून पन्नासेक पावलं वर, झुडपांमागे, एक कुत्रा तीन दिवस बसून आहे. तो माझ्यामुळे बसलाय आणि हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातला. पितळेचा पत्रा वळवून मला घडवलं, पोटात कॉर्कची एक गोळी टाकली. शाळेतल्या खेळाच्या सरांनी मला विकत घेतलं. वीस वर्षं मी मैदान गाजवलं. एकदा दगडावर आपटले, कुशीला पोचा पडला आणि आवाजात एक खरखर आली, ती कायमची. तेव्हापासून माझ्यासारखी वाजणारी दुसरी शिट्टी नाही. याचा मला फार तोरा होता.

सर निवृत्त झाले आणि माझी रवानगी खणात झाली. तुटकी बटणं, संपलेले सेल, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, असा शेजार. कधी पाहुणा, कधी नळ दुरुस्त करायला आलेला माणूस तो खण उघडायचा. माणसाच्या हाती शिट्टी लागली की तो एकच गोष्ट करतो. गाल फुगवतो आणि दम संपेपर्यंत एकच लांबलचक शिट्टी मारतो. पंतोजी असो की प्लंबर, यात फरक नाही. तेव्हा मला हसू यायचं.

पुढे सरांच्या मुलीनं मला बाहेर काढलं. ऑफिसची नोकरी सोडून तिनं कुत्र्यांना डोंगरात फिरवून आणायचं काम सुरू केलं होतं. सकाळी गाडी दारोदार जायची, बारा कुत्री गोळा करायची आणि टेकडीच्या पायथ्याशी सगळ्यांच्या साखळ्या काढायची. मग तीन तास नुसतं हुंदडायचं. दुपारी चिखलानं माखलेली, पेंगुळलेली कुत्री आपापल्या घरी पोचती व्हायची. शाळेतल्या पोरांसारखी कुत्री तिचं ऐकायची, म्हणून लोक तिला हेडबाई म्हणत. गाडी तिचा दीर चालवायचा. त्याला सगळे भावजी म्हणत, कुत्र्यांचे मालकसुद्धा.

साखळ्या गाडीत राहायच्या. वर बाईच्या गळ्यात फक्त मी. माझे हुकूम दोनच. एक लांब शिट्टी म्हणजे जिथे असाल तिथे बसा. दोन आखूड म्हणजे उठा आणि माझ्याकडे या.

अकरा कुत्री तशी आगाऊच. बसल्यासारखं करायची आणि खाऊच्या पिशवीकडे सरकायची. बारावा हवालदार. अंगानं दांडगा, तपकिरी, तोंडाशी पांढरा झालेला. नेहमी सगळ्यांच्या शेवटी चालायचा आणि कुणालाही मागे राहू द्यायचा नाही. तो घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांचा. आजी गेल्यापासून त्या घरात दोघंच. आजोबांना छातीचा त्रास. चार पायऱ्या चढल्या की धाप.

"बाई, परत आणाल ना याला?" रोज दारात हाच प्रश्न.

"आजोबा, हाच मला परत आणतो," असं रोजचं उत्तर.

हवालदारावर बाईचा भारी जीव, आणि तिथेच घात झाला. तिनं त्याला जास्तीचं शिकवलं. लांब शिट्टीवर बसवायची आणि लांब उभी राहून लाडानं हाका मारायची. उठला की खाऊ नाही. मग भावजींना हाक मारायला लावलं. तोंडातून चकार शब्द न काढता हवालदार बसून राहायला शिकला. शेवटी तिनं आजोबांनाच हाक मारायला लावलं. तो थरथरला, शेपटी आपटली, पण उठला नाही.

"बघितलंत? फक्त शिट्टीवर उठतो!"

मीही फुशारले. आजोबा तेवढे म्हणाले, "मी बोलावलं तरी येणार नाही? हे काही बरं नाही हो, बाई."

माझी दोरी विरली होती. तिला तीन गाठी होत्या. "उद्या बदलते" असं बाई दोन महिने म्हणत होती.

परवा वर दाट धुकं उतरलं. ससा दिसला म्हणून पिटुकली नावाची एवढीशी कुत्री कड्याकडे सुटली आणि तिला वळवायला हवालदार धावला. बाईनं जीव खाऊन एक लांब शिट्टी मारली. सगळे जागच्या जागी बसले. त्याच क्षणी बाईच्या पायाखालचा दगड निसटला, ती पडली, दोरी तुटली आणि मी आपटत आपटत खालच्या वाटेवर आले.

बाईचं कण्हणं ऐकून अकरा कुत्र्यांनी हुकूम धाब्यावर बसवला आणि ती तिच्याभोवती गोळा झाली. बारावा आला नाही. मोडलेला पाय धरून ती हाका मारत होती. भावजी धापा टाकत वर आले.

"सशामागे लांब पळाला असेल हो," ती रडत म्हणाली.

नाही गं बाई! तू बसवलंस तिथेच आहे तो! पण माझ्या तोंडात चिखल होता.

काल सकाळी माणसं शोधायला आली. "हवालदार! ये रे राजा!" प्रत्येक हाकेला वरून बारीक कुंईकुंई यायची, ती त्यांच्या कलकलाटात कुणाच्या कानावर पडायची नाही. भावजींनी नवी प्लास्टिकची शिट्टी आणली होती. बरोबर दोनदा वाजवली. तो आवाज माझा नव्हता. बूट माझ्या अंगावरून गेले. सगळे कुत्रा शोधत होते, शिट्टी कोण शोधणार?

ती परत गेल्यावर, काल दुपारी, वर पाला सळसळला. मला वाटलं, भुकेनं का होईना, उठतोय. तेवढ्यात वाटेनं पळायला आलेल्या एका माणसाला मी दिसले. त्यानं मला विजारीला पुसलं, गोळी खुळखुळवली, गाल फुगवले आणि एक लांबलचक शिट्टी मारली.

सळसळ थांबली.

स्वतःच्या आवाजाची एवढी किळस मला कधी आली नव्हती. "ज्याची असेल त्याला दिसेल," म्हणत त्या भल्या माणसानं मला या खिळ्याला अडकवलं आणि तो गेला.

आज सकाळपासून वरून आवाज नाही.

आणि आता वाटेवर काठी वाजतेय. आजोबा! एकटेच. दहा पावलं चालतात, थांबतात, छाती धरतात. हाक मारायलाही दम उरलेला नाही. खांबाशी टेकले. मान वर केली. माझा पोचा त्यांना दिसला.

"अगं, तू इथे?" ते पुटपुटले. मग त्यांचा चेहरा बदलला. वर झुडपांकडे बघत राहिले. "बसलाय. शिट्टीशिवाय उठायचा नाही तो, बसलाय!"

कळलं त्यांना! पण किती वेळा फुंकायचं, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. ओठांना लावलं. आता गाल फुगतायत.

आजोबा, लांब नको! तुमच्या पाया पडते, लांब नको. आणखी एकदा बसायची ताकद त्याच्यात नाही. सगळ्यांसारखं करू नका हो, आजोबा!

त्यांनी फुंकलं. श्वास मध्येच तुटला, खोकल्याची उबळ आली आणि मी तोंडातून निसटता निसटता राहिले. वाजले, पण आखूड. एकच आखूड.

वर पाला हलला.

ते खोकतायत. खांबाला धरून वाकलेत. मी अजून त्यांच्या मुठीत आहे, ओठांपासून चार बोटांवर. आजोबा, तेवढाच दम पुरे, जास्त नको. आणखी एकदा. फक्त एकदा.