मुरूडला राहिलेली आत्या

नवरा सहलीचीसुद्धा रंगीत तालीम घेऊ शकतो, हे श्यामलाबाईंना लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी कळलं.

त्र्यंबकराव रोह्याच्या शाळेत भूगोल शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. घाटाने मुरूड, तिथून समुद्राच्या कडेकडेने काशीद, अलिबाग आणि पेणवरून घरी, असा दोन दिवसांचा बेत त्यांनी कागदावर तासातासाने आखला होता. पेणचे धाकटे भाऊ गोपाळ आणि त्यांची बायको लतिका आदल्या दिवशीच येऊन दाखल झाली. त्यांचा चहा होतोय तोवर त्र्यंबकरावांनी अंगणात खुर्च्या मांडल्या. पुढे दोन, मधे तीन, मागे स्टूल.

"ही गाडी," ते म्हणाले. "तासाला पाच मिनिटं हे प्रमाण. कोण कुठे बसणार, कुठे किती थांबायचं, सगळं आज ठरू दे. उद्या घोळ नको."

गाडीवाला जनू धाटावच्या कंपनीत रात्रपाळी करून तसाच आला होता. त्याच्या हातात स्टिअरिंग म्हणून धान्य पाखडायचं सूप देण्यात आलं.

"काका, गाडी निडी गावात उभी हाय माझी. घेऊन येऊ का?"

"गाडी उद्या. आज तू."

जनू बसला, सूप फिरवू लागला, आणि केळघरच्या घाटात त्याची मान छातीवर पडली. त्र्यंबकरावांच्या ऐंशी वर्षांच्या सगुणाआत्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. "अगो श्यामले, हा झोपला गो. बाजूला दरी आहे."

"सूप धरून ज्याला जागं राहता येत नाही," त्र्यंबकराव शांतपणे म्हणाले, "त्याच्या हाती मी माणसं देणार नाही." जनूला तिथेच उतरवण्यात आलं. तो "बरं" म्हणाला आणि घरी झोपायला गेला. सूप गोपाळभावोजींकडे आलं. त्यांना सायकलही येत नव्हती, पण सूप त्यांनी बरं चालवलं.

मुरूडला दोन तास, म्हणजे दहा मिनिटांचा थांबा होता. आत्या परसात जाऊन आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. येऊन बघतात तर सगळे पुन्हा खुर्च्यांवर.

"आत्या, गाडी सुटली गं," त्र्यंबकरावांचा चेहरा पडला होता. "काशीद आलं."

"मग मी?"

"तू मुरूडला राहिलीस."

आत्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्या मागच्या पडवीच्या पायरीवर जाऊन बसल्या. गोपाळभावोजी म्हणाले, गाडी मागे वळवू. लतिका म्हणाली, पुन्हा ती वळणं नकोत, मला आत्ताच मळमळतंय. तिने खरोखरच लिंबू नाकाशी धरलं होतं.

श्यामलाबाई उठल्या, तसं त्र्यंबकरावांनी त्यांचं मनगट पकडलं. "चालत्या गाडीतून उतरू नकोस."

त्यांच्या तळव्याला घाम सुटला होता. म्हणून श्यामलाबाई भावोजींनी ब्रेक लावेपर्यंत थांबल्या आणि मग उतरल्या.

आत्या पायरीवर पदराने वारा घेत होत्या. "खरंच मुरूडला राहिले असते तर काय बिघडलं असतं," त्या म्हणाल्या. "जन्म पेण-रोह्यात गेला. समुद्र पाहिला तो धरमतरच्या खाडीएवढा. त्यातही अर्धा चिखल."

श्यामलाबाईंनी घड्याळ बघितलं. साडेअकराची एसटी मिळण्यासारखी होती. उद्यासाठी केलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी पिशवीत घालून दोघी मागच्या दाराने निघाल्या.

दुपारी श्यामलाबाईंनी मुरूडच्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावला.

"कुठून बोलतेस?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"मुरूडहून."

फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला. "आत्या आहे तिथे?"

"आहे."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोकळा झाला की श्यामलाबाईंना येणारं हसू ओठांतच थांबलं. "हलू नका तिथून. आम्ही अलिबागला पोचलोय, आता लगेच फिरता येणार नाही. उद्या घ्यायला येतो."

खानावळवाल्या ठमाबाईंनी त्यांना राहायला खोली दिली. संध्याकाळी आत्या घोट्याएवढ्या पाण्यात तासभर उभ्या होत्या. प्रत्येक लाटेला त्या "आली गो" म्हणत होत्या.

सकाळी दहाला जनूची गाडी किनाऱ्याशी थांबली. झोप पूर्ण झाल्यामुळे तो ताजातवाना दिसत होता. त्र्यंबकराव कागद घेऊन उतरले.

"आत्या, बस. वेळेत आहोत."

"मी नाही येत," आत्या म्हणाल्या. "मंगळवारपर्यंत इथेच."

त्र्यंबकरावांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यात मंगळवार नव्हता. मग पाण्याकडे पाहून ते हळूच श्यामलाबाईंना म्हणाले, "भरती कागदापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा आहे. कोणाला कळवायचं?"

"कोणाला नको. चपला काढा."

सहल इथेच थांबल्यावर जनूने रजा मोडून दुपारची पाळी गाठायचं ठरवलं. तो गोपाळ-लतिकाला घेऊन परत फिरला. त्र्यंबकराव आत्यांच्या शेजारी वाळूत बसले आणि ठमाबाईंनी जेवायला हाक मारेपर्यंत लाटा मोजत राहिले.