सिनेमातला कोट

चिकटपट्टीचं टोक काही केल्या सापडेना. रिकाम्या खोक्यांच्या मधोमध फतकल मारून बसलेली दिग्दर्शिका नखाने ते खरवडत राहिली. सिनेमा झाला होता, आता हमाली उरली होती.

"आज काय काय चाललंय घरातून?" आईने दारातून डोकावून विचारलं.

"आरसा. आणि किटली."

"अगं बाई, किटलीसुद्धा? मग चहा कशात उकळू, तुझ्या कॅमेऱ्यात?"

"नवी आणते गं."

चूक तिचीच होती. एकही निर्माता दारात उभं करेना, तेव्हा तिने लोकवर्गणीतून सिनेमा काढायचं ठरवलं. मोठी रक्कम देणाऱ्याला सिनेमात वापरलेली एक वस्तू भेट, असं आवाहनात झोकात लिहून टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! एवढी वर्गणी जमेल असं तिला तरी कुठे वाटलं होतं? पण थेंबे थेंबे तळं साचलं. भाडं वाचवायला चित्रीकरण केलं ते आईच्याच घरात, आईच्याच सामानात. आता ते सामान एकेक करून परगावी निघालं होतं. आई कुरकुरायची, पण सुतळीच्या गाठी तीच पक्क्या मारायची.

आज कोटाचीही पाळी होती. वडिलांचा राखाडी कोट. ते गेल्यापासून तो आईच्या कपाटात टांगलेला असायचा. सिनेमातल्या नटाला घालायला मागितला, तेव्हा आईने तो ब्रश मारून दिला होता. एका निवृत्त शिक्षकाने भेट म्हणून नेमका तोच निवडला होता.

दिग्दर्शिकेने पिशवीतून एक कोट काढला. जुन्या कपड्यांच्या दुकानांत अख्खी दुपार घालवून तिने तो शोधला होता. रंग तोच, कॉलरही जवळजवळ तशीच.

"हा कुणाचा?" आई म्हणाली.

"हा पाठवतेय. बाबांचा राहू दे तुझ्याकडे. त्या शिक्षकांना काय कळणार आहे?"

आईने बाही चाचपून पाहिली. "त्यांनी पैसे कशाचे दिले?"

"आई, दमलेय गं मी. आता नको ना. सगळं दिलं, पण बाबांचा कोट नाही देणार." तिचा आवाज चिरकला. "तेवढी तरी लाज आहे मला."

आई आत गेली आणि वडिलांचा कोट घेऊन आली. खिसे चाचपले, बाह्या मागे घेतल्या आणि घडी घालायला बसली.

"ठेव तो, आई. तुला लागतो. मला माहीत आहे."

"लागायचा."

"म्हणजे?"

"आधी कपाट उघडलं की हे उभे असायचे." आईने घडीवरून हात फिरवला. "आता तुझा तो नट उभा असतो. गुणी आहे हो पोरगा, काम झकास केलंय. पण जागचा हलतच नाही."

दिग्दर्शिकेने आईचा हात धरला. आईने तो थोपटला आणि हळूच सोडवून घेतला.

"रडू नकोस. सिनेमा चांगला झालाय. हा दुसरा कोट दुकानदार परत घेईल?"

"नाही."

"मग दे इकडे. कपाटात लावते," आई उठत म्हणाली. "ह्यात अजून कुणी नाहीये."