देवापुरतं एक फूल

गुरुनाथांनी आयुष्यात कधी फूल विकत घेतलं नव्हतं. पुण्यात सकाळी फिरायला निघताना हातात आकडीची काठी आणि खिशात पिशवी असायची, आणि अर्ध्या कॉलनीची जास्वंद त्यांच्या देवघरात पोचायची. देवासाठी तोडलेलं फूल चोरीचं कसं असेल, असा त्यांचा सवाल असायचा. मुलाकडे हॉलंडमधल्या कापेल आन डेन आयसेलला आल्यापासून मात्र सुपरमार्केटची ट्युलिप्स वाहताना त्यांचा जीव तुटत होता.

सून साधना वेगळ्याच काळजीत होती. शेजारचे वाउटर खुब्याच्या ऑपरेशनसाठी जाताना एक कुंडी तिच्या स्वाधीन करून गेले होते. कुंडीत ड्रायस होतं, उत्तरेकडच्या बर्फाळ डोंगरांवरचं रानफूल. वाउटरच्या बायकोने, इनेकेने, ते नॉर्वेहून आणून लावलेलं. वारा, गारठा, दगडधोंडे, सगळं सोसणारं ते चिवट झाड या सुखाच्या सपाटीवर नऊ वर्षं रुसून बसलं. इनेके फुलाची वाट बघता बघताच वारली. यंदा पहिली कळी धरली होती. साधना रोज फोटो पाठवायची आणि वाउटर तो नर्सला दाखवायचे.

गुरुवारी कळी उमलली. आठ पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळे केसर. 'उद्या घरी येतोय, त्याला म्हणावं थांब,' असं वाउटरनी कळवलं.

शुक्रवारी साधना उठली तेव्हा कुंडीत नुसता देठ होता आणि फूल गणपतीच्या माथ्यावर. तिला रडूच कोसळलं. सासरे मात्र इतके खुशीत होते, की इथे आल्यापासूनचं पहिलं धड फूल मिळालं म्हणून दोनदा सांगून झालं. त्यांना बोलून फूल थोडंच देठाला चिकटणार होतं? दिवसभर ती डचमध्ये माफी घोकत बसली.

चारच्या सुमारास वाउटर कुबड्या टेकत दारात आले. ती तोंड उघडणार तोच गुरुनाथ पुढे झाले. आजारातून उठलेला माणूस दाराशी आलेला, त्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? त्यांनी देवावरचं फूल आणि खडीसाखर आणून वाउटरच्या तळहातावर ठेवली.

वाउटर फुलाकडे बघत राहिले. साधनाने कशीबशी सगळी हकिकत सांगितली, माफी मागितली.

"याचं आता काय करायचं असतं?" वाउटरनी विचारलं.

"डोळ्यांना लावायचं," साधना म्हणाली.

त्यांनी फूल मिटल्या डोळ्यांना लावलं. हात काही खाली येईना. खांदे हलत होते.

गुरुनाथांना डच येत नव्हतं, त्यामुळे त्यांना सगळं व्यवस्थित समजलं होतं.

"बघ साधना," ते हळूच म्हणाले, "भाव असावा तर असा."