मी शूहॉर्न, सोनिकाच्या टाचेमागचा

मित्रांनो, मी एक जुना पितळी शूहॉर्न आहे. बूट घालताना टाचेमागे जी वाकडी पट्टी सरकवतात ना, ती मी. दुकानातले लोक मला चमचा म्हणतात. आजवर मी त्यावर रुसलो नाही, कारण माझा तोरा फार मोठा होता. तो कसा उतरला, हे तुम्हाला सांगायचं आहे. सांगायला लाज वाटते, पण न सांगता खिळ्यावर लटकत राहणं त्याहून वाईट.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका कारागिराने पितळेच्या पत्र्यावर हातोडी चालवली, कडा घासून गोल केल्या आणि वरच्या टोकाला भोक पाडलं. त्या भोकातून दोरी ओवून मला नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात टांगलं गेलं. दुकान भैय्याजींचं. भैय्याजी तेव्हा काळ्या मिशीचे होते, आता पांढऱ्या मिशीचे आहेत. कानावरची पेन्सिल मात्र तेव्हाही होती, आजही आहे.

तीस वर्षांत मी जितक्या टाचा पाहिल्या, तितके चेहरे कुणी पाहिले नसतील. माणूस चेहरा धुऊन येतो, टाच तशीच घेऊन येतो. वरून कडक इस्त्रीचा शर्ट आणि मोज्याला रुपयाएवढं भोक, असे साहेब मी ओळखून आहे. नऊ नंबरचा पाय घेऊन येणारे आणि "मला आठच लागतो" म्हणून वाद घालणारे एक प्राध्यापकही आहेत. दर दोन वर्षांनी येतात, दर वेळी आठ नंबरच घेतात आणि लंगडत जातात. मी सगळ्यांची मनात नोंद ठेवायचो. त्या नोंदीच्या शेवटी एकच वाक्य असायचं आणि ते मला फार आवडायचं: आजवर एकही पाय बुटात गेल्याशिवाय परत गेला नाही.

पाय आत गेला म्हणजे बूट बसला, असं मला वाटायचं. भैय्याजींनाही तसंच वाटायचं. कुणी कुरकुरलं की ते म्हणायचे, "नवीन आहे भाऊ, दोन दिवसांत सैल होऊन जाते." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की ते आता त्यांना म्हणावं लागत नसे, आपोआप यायचं.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात दुर्गेशभाऊ आपल्या मुलीला घेऊन आले. दुर्गेशभाऊ कोराडीच्या वीज केंद्रात फिटर आहेत. मुलीचं नाव सोनिका, वय दहा. ती रोलर हॉकी खेळते. म्हणजे चाकांच्या बुटांवर धावत स्टिकने चेंडू मारायचा. बर्फावरचीही हॉकी असते म्हणतात, पण आपल्या नागपुरात बर्फ असतो तो उसाच्या रसात. तोवर ती आपल्या कॅनव्हासच्या बुटांवर पट्ट्यांनी बांधायचे जुने स्केट वापरायची. पट्ट्यांच्या त्या स्केटवरही ती सगळ्यांत पुढे असायची. आता महिनाभराने जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि तिला बूट असलेले खरे हॉकी स्केट हवे होते.

भैय्याजींनी पाटीवर पाय मोजला. तीन नंबर. तीन नंबरचा बूट आणला, पण पाय अर्ध्यातच अडकला.

"अजून ढकल बेटा."

"नाही न जात."

मित्रांनो, सोनिकाच्या पावलाची पाठ उंच आहे. पाठ म्हणजे पावलाचा वरचा भाग, जिथे आपण लेस बांधतो तो. तिथे तिच्या पायाला छान चढ आहे. ओल्या पायाने ती फरशीवरून गेली तर फक्त बोटं आणि टाच उमटते, मधला पाय उमटतच नाही. अशा पायाला लांब नाही, खोल बूट लागतो. पण पाटीवर लांबी कळते, रुंदी कळते. उंची कळत नाही.

"चार नंबर घ्या," भैय्याजी म्हणाले. "वाढता पाय आहे, पुढच्या वर्षीही निघते."

हे वाक्य ऐकून आपल्याकडच्या कुठल्या बापाची मान हलत नाही? दुर्गेशभाऊंचीही हलली. आणि भैय्याजींचा हात माझ्याकडे आला. मी टाचेमागे घुसलो, जोर लावला आणि टाच खट्कन आत गेली. माझ्या तोऱ्यात आणखी एका पायाची भर पडली. आता बूट लांबीला सैल होता, टाच आत हलत होती, म्हणून भैय्याजींनी लेस करकचून ओढली.

"बाबा, वरून दुखते."

"कुठं वं?"

"इथं, वरून."

"नवीन आहे बेटा," भैय्याजी म्हणाले, "दोन दिवसांत सैल होऊन जाते. बूट तर बरोबर आहे भाऊ, पोरीचा पायच जरा वेगळा आहे."

सोनिकाने आपल्या पायाकडे पाहिलं. मी टाचेकडून तिला पाहत होतो. शाळेत नाव घेऊन उभं केलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला. तेव्हाच मला काही कळायला हवं होतं. पण मी मागच्या बाजूचा. पुढे काय चाललंय ते पाहायची मला सवयच नव्हती.

घरी तो बूट चढेना म्हणून दुर्गेशभाऊ दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. भैय्याजींनी मलाच काढून दिलं. "हा घेऊन जा. सैल झाला का आणून द्या." अहो, ज्या बुटाला रोज माझी मदत लागते तो बूट बसलेला नाही, एवढं साधं गणित. दुकानात तीस वर्षं टांगलेल्या मलाही ते आलं नाही. उलट मी मिरवत कोराडीच्या कॉलनीत गेलो.

तिथे रोज दुपारी चार वाजता माझं काम. सोनिका खालचा ओठ दातांत धरायची, मी टाच आत ढकलायचो. मग तिच्या दप्तराशेजारी, रिंकच्या, म्हणजे स्केटिंगच्या मैदानाच्या, कठड्यावर पडून मी खेळ पाहायचो. पहिली दहा मिनिटं ती वाऱ्यासारखी असायची. मग तिचा डावा पाय वळणावर उशिरा यायला लागायचा. वीस मिनिटांनी ती कठड्याशी यायची, लेस सैल करायची, आणि तिचे कोच साहिल सर लांबून ओरडायचे, "लेस टाइट ठेव! पाय मुरगळला मग?" लेस पुन्हा घट्ट.

साहिल सर मनाने वाईट नाहीत, पण जीभ तिखट. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "काय वं सोनिका, नवीन गाडी आली न् ड्रायव्हर झोपला काय?"

मुलं हसली. सोनिकाही हसली.

"पोट दुखून राहिलं सर," ती म्हणाली.

पोट! माझ्यापासून हातभर अंतरावर बसून ती खोटं बोलली, आणि ते खोटं आहे हे जगात फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक पितळेचा होता.

घरी दुर्गेशभाऊ विचारायचे, "कसे आहेत स्केट?" ती म्हणायची, "मस्त." ते शेजाऱ्यांना बोलावून स्केट दाखवायचे, चाकं फिरवून दाखवायचे, बेअरिंगचा आवाज ऐकवायचे. "पाहा, काही आवाज आहे काय? याला म्हणतात फिटिंग!" बापाच्या अशा आनंदात "दुखते" हा शब्द कुठे ठेवायचा, हे दहा वर्षांच्या मुलीने कुणाला विचारावं?

निवड रविवारी होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी सोनिका शाळेतून आली. घरात कुणी नव्हतं. तिने मला उचललं. मला वाटलं, आज लवकर सराव दिसतो. पण तिने स्केट बाहेर काढलेच नाहीत. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली, मला आपल्या डाव्या पावलाच्या पाठीवर आडवं ठेवलं आणि वेणीच्या दोन लाल रिबिनींनी करकचून बांधलं. मग तेलाचा पाच किलोचा डबा ओढला आणि माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी टाचेमागून पावलाच्या पाठीवर आलो होतो. आणि तिथे काय होतं ते मी पाहिलं. लेसच्या फुल्याफुल्यांचे जांभळे वळ होते. मधोमध एक सुजलेला, लाल, गरम उंचवटा होता. महिनाभर मी मागून ढकलत होतो आणि ते सगळं इथे येऊन साठत होतं. जमिनीत गडप व्हावं म्हटलं तर तेही जमेना. डबा वर होता आणि खाली तिचा पाय होता.

इतक्यात पहिली पाळी संपवून दुर्गेशभाऊ घरी आले. दारातच थांबले.

"हे काय करून राहिली वं?"

"पाय बसवून राहिली, बाबा."

"बसवून?"

"वरून उंच आहे न तो. चपटा झाला का बूट बरोबर होते. भैय्याजी म्हणाले होते न, पायच वेगळा आहे म्हणून."

दुर्गेशभाऊंनी डबा बाजूला केला. रिबिनी सोडल्या. मला फरशीवर ठेवलं. मग तिचा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

"किती दिवसांपासून दुखून राहिलं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

सोनिकाने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. जे आहे तेच सांगावं तसं ती म्हणाली, "सांगितलं होतं न बाबा. दुकानात."

दुर्गेशभाऊंनी तिचा पाय हलकेच खाली ठेवला आणि स्केटची पिशवी उचलली. मग मला फरशीवरून उचलून खिशात टाकलं.

संध्याकाळी आम्ही तिघं बसने सीताबर्डीला आलो. सोनिका चपलेवर, स्केट पिशवीत, मी दुर्गेशभाऊंच्या खिशात. भैय्याजींनी आधी आपलं नेहमीचं सुरू केलं. "अजून सैल नाही झाले काय? नवीन आहे भाऊ, दोन दि..."

"पेन्सिल द्या जरा," दुर्गेशभाऊ म्हणाले.

त्यांनी सोनिकाच्या उजव्या पायात, जो कमी सुजला होता, तो बूट हलक्या हाताने चढवला. लेस ओढलीच नाही. बुटाची जीभ पुढे ओढली आणि लेसच्या भोकांच्या दोन ओळींवर, पावलावरून आडवी, पेन्सिल ठेवली. पेन्सिल दोन्हीकडे टेकायला हवी होती. ती मधल्या उंचवट्यावर सी-सॉसारखी डुलायला लागली. एक टोक खाली गेलं की दुसरं वर.

"आमच्याकडं पाइपाची फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, बसली का नाही, ते अशीच पट्टी ठेवून पाहतो," दुर्गेशभाऊ म्हणाले. "पट्टी डुलली का समजायचं, बसली नाही. ठोकून बसवली तर आज बसते, उद्या फुटते. मले सारं माहीत होतं, भैय्याजी. मी रोज पंपाले कान लावून विचारतो, बाबा रे, कुठं घासून राहिलं? पंपाले तोंड नाही. माझ्या पोरीले तोंड होतं. ती सांगून राहिली होती, न् मी मान हलवून राहिलो होतो."

भैय्याजींनी डुलणाऱ्या पेन्सिलीकडे पाहिलं. तीस वर्षं ती त्यांच्या कानावर होती. मग ते माळ्यावर चढले, आणि त्या वयात माळ्यावर चढणं सोपं नाही. खोके खाली आले. पहिला बूट, पेन्सिल डुलली. दुसरा, डुलली. तिसऱ्यात पेन्सिल टेकली, पण टाच हलत होती. चौथा पुन्हा उथळ. पाचवा बूट तीन नंबरचाच होता, सोनिकाच्या खऱ्या मापाचा, पण पोटाने खोल. पेन्सिल दोन्ही टोकांनी शांत टेकली. भैय्याजींनी सगळ्यात उंच जागेवरचं भोक रिकामं सोडून लेस ओवली, म्हणजे तिथे दाब येऊ नये.

"आता कुठं लागते, बेटा?"

सोनिकाने आधी बाबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "कुठंच नाही."

"खरं?"

"हव."

"खरं खरं सांग."

"अहो, नाही लागत म्हटलं न!"

ती पहिल्यांदाच चिडली आणि दुकानात दोघा मोठ्यांनाही बरं वाटलं. तिसरा मी. भैय्याजी तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बेटा, तुझा पाय बरोबर होता. बूट चुकला होता. म्हणजे मी चुकलो."

मोठ्या माणसाने लहान मुलीला असं म्हणणं मी दुकानात पहिल्यांदा ऐकलं. मला तोंड असतं तर मीही म्हणालो असतो. म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

गोष्ट इथे गोड करता आली असती, पण तसं झालं नाही. रविवारपर्यंत डाव्या पायाची सूज उतरली नाही. साहिल सरांनी तिचा पाय पाहिला आणि तिला खेळू दिलं नाही. निवड झाली, संघ ठरला, त्यात सोनिकाचं नाव नव्हतं. ती कठड्यावर चपला घालून बसली होती, असं दुर्गेशभाऊंनी नंतर दुकानात सांगितलं. आणि सर प्रत्येक मुलापुढे गुडघ्यावर बसून लेस तपासत विचारत होते, "वरून दुखते काय? खोटं बोलू नको." हे सांगताना दुर्गेशभाऊ हसले. मग हसायचे थांबले.

मित्रांनो, बूट बोचत असेल तर पोट दुखतं म्हणू नका. जिथे दुखतं तिथेच बोट ठेवा, आणि कुणी ऐकलं नाही तर पुन्हा ठेवा. आणि तुमच्यातले जे मोठे होऊन दुकानदार, फिटर, सर किंवा बाबा होतील, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: पाय आत गेला म्हणजे बसला, असं समजू नका. पायाच्या मालकाला विचारा. आणि त्याने सांगितलं की ऐका.

आता भैय्याजी आधी पेन्सिल काढतात, मग लागलाच तर मी. माझ्या त्या आवडत्या वाक्यावर मी काट मारली आहे. गेल्याच आठवड्यात दोन पाय बुटात न जाता परत गेले. प्राध्यापकांचे होते. पुढच्या खेपेला नऊ नंबर घेतील, अशी आशा आहे.

परवा सोनिका चाकं बदलायला आली होती. नवी चाकं लावून झाल्यावर स्केट घालून पाहायचे होते. सवयीने भैय्याजींचा हात माझ्या खिळ्याकडे आला.

"नाही लागत," सोनिका म्हणाली.

तिने लेस मोकळी केली, जीभ पुढे ओढली आणि पाय सरळ आत घातला. ओठ दातांत धरला नाही. उठली आणि काउंटरपासून दारापर्यंत चाकांवर सरकत गेली. वळणावर डावा पाय वेळेवर आला.

मी खिळ्यावरून सगळं पाहिलं. पुढून.