मातेच्या जखमेवरची पट्टी

शेवटचा साधा दिवस गुरुवार होता. साधा म्हणजे आईच्या बैठकीच्या खोलीत तीस माणसं दाटीवाटीनं उभी, स्वयंपाकघरात मी कॉफीचं तिसरं भांडं चढवलेलं, आणि भिंतीतल्या फळीवरच्या मरियामातेच्या मूर्तीसमोर प्रवचनकार ब्रदर नुन्झिओ डोळे मिटून उभे. तीन आठवड्यांत याचीही सवय झाली होती.

दक्षिण फिलाडेल्फियातल्या आमच्या गल्लीत दोन घरांत मिळून एकच भिंत असते. पलीकडच्या स्ट्रूपनं तळघर खोल करायला घेतलं आणि आमच्या बाजूनं, मरियामातेच्या फळीमागून, छतापर्यंत तडा गेला. जुने गवंडी डेस्मंड ओक्स यांनी तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहिली. दोन दिवसांनी पट्टी तुटली. कोणी हात लावला नव्हता. दुसरीही तुटली. तिसरी तुटली तेव्हा सगळी गल्ली लोटली.

“मातेच्या जखमेवर पट्टी बांधता?” ब्रदर म्हणाले. “तीही काचेची? तिनं भिरकावून दिली, लेकरांनो. हात न लावता.”

“हात न लावता,” फुसारोकाकूंनी शेजारणीला सांगितलं. “मी इथेच होते. टिक् झालं.”

“तू तर न्हाणीघरात होतीस.”

“ऐकू आलं ना तिथवर.”

ब्रदरांचं एकच मागणं होतं. महापालिकेच्या माणसाला बोलवायचं नाही. “इन्स्पेक्टरचे बूट घरात आले की माता निघून जाते.” हे ते दर भाषणात दोनदा सांगत.

ओक्स चौथी पट्टी घेऊन दारात उभे होते. “अस्सुंताबाई, ही पट्टी मुळात—”

“डेस्मंड, प्रार्थना चालू आहे,” आई म्हणाली. “टोपी काढ आणि आत ये.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं. पहिली पट्टी तुटली तेव्हाच त्यांनी माझ्या घरी फोन करून मला सगळं सांगितलं होतं. पण बाबा गेल्यापासून अकरा वर्षं त्या बैठकीत कोणी बसलं नव्हतं, आणि आई आज ठेवणीतल्या कपांतून कॉफी देत होती. मी ट्रे उचलला.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी भिंत पडली. आई मेणबत्ती लावत होती.

सोमवारी दफनभूमीतून सगळे परस्पर घरासमोर आले. ब्रदरही आले.

“तुटलेल्या पट्ट्या म्हणजे निरोप होता,” ते म्हणाले. “मातेनं अस्सुंताला आधीच बोलावलं होतं.”

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. ओक्स यांच्या गाडीतून मी दोन विटा, प्लास्टर आणि काचेची एक पट्टी आणली. समोरच्या पायरीवर विटा शेजारी ठेवल्या आणि दोन्हींवर मिळून पट्टी चिकटवली. प्लास्टर सुकेपर्यंत सगळे पायरीभोवती जमले.

“ब्रदर, हात न लावता तोडा.”

“चमत्कार हुकमानं होत नाही, मुली.”

“मग प्रार्थना करा. आम्ही थांबतो.”

त्यांनी केली. लांबलचक केली. पट्टी होती तशीच.

“काकू, तुम्ही एक वीट सरकवा. काचेला हात नका लावू. केसभरच.”

फुसारोकाकूंनी हातमोजा काढला आणि बोटानं वीट ढकलली. टिक्.

त्या स्वतःच्या बोटाकडे बघत राहिल्या. “हाच आवाज,” त्या म्हणाल्या.

“ही पट्टी तुटावी म्हणूनच लावतात,” ओक्स म्हणाले. “भिंत सरकते, काच वाकत नाही. तुटली की खोदकाम थांबवायचं आणि घर रिकामं करायचं. स्ट्रूपनं भिंतीच्या पायाखालची माती काढली होती.”

“आणि इन्स्पेक्टर का नको होता, तेही ऐका,” मी म्हटलं. “ब्रदर स्ट्रूपचे मेहुणे आहेत. शनिवारच्या चौकशीत निघालं.”

ब्रदर गर्दीतून वाट काढू लागले. कोणी अडवलं नाही.

“मला पहिल्या पट्टीपासून माहीत होतं,” मी पुढे म्हटलं. “आई खूश होती, म्हणून गप्प बसले. तुमच्या घरात काही आपोआप तुटलं, तर हात जोडण्याआधी ते का तुटलं हे जाणत्या माणसाला विचारा. आणि तुम्हालाच माहीत असेल, तर घरचं माणूस रुसलं तरी सांगा.”

मग मी विटांच्या ढिगाकडे वळले आणि गुरुवारी बोलायचं राहिलेलं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“आई, हा चमत्कार नाही. भिंत पडतेय. कोट घाल आणि माझ्याकडे चल.”