डावीकडची सीट

इंजिन थंडगार, आणि तापमानाचा काटा थेट लाल रेघेवर! गल्लीतली चाळीसेक माणसं शाळेच्या जुन्या व्हॅनभोवती टाचा उंचावून उभी होती. आत डावीकडच्या सीटवर बाबा डोळे मिटून बसले होते.

“वहिनी आल्या!” बाबा म्हणाले. “इंजिनात आग नाही, तरी काट्याला ताप! विरहाचा ताप आहे हा, भक्तहो!”

आत्म्याला ताप आला तर तो मोजायला ही खटारा गाडीच का लागते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

स्टिअरिंगपाशी व्हॅनकाका हात जोडून बसले होते. त्यांची बायको रोज त्या डाव्या सीटवर बसून पोरांची दप्तरं सांभाळायची. ती जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून काकांनी तिथे कुणाला टेकू दिलं नव्हतं. महिन्यापूर्वी या बाबांनी लिफ्ट मागितली, काकांनी नाइलाजाने तिथे बसवलं, किल्ली फिरवली आणि काटा उडाला. मग काय, रोज संध्याकाळी दरबार! काकांनी विचारायचं, बायकोचा होकार असेल तर काटा वर, नकार असेल तर खाली.

“वहिनींची इच्छा आहे, गाडी आश्रमाला द्या,” बाबा म्हणाले. काटा खाली येऊन पुन्हा वर गेला.

काकांनी विचारलं, “मग मी तिला भेटायचं कुठे?”

“आश्रमात. रविवारी, तीन ते पाच.”

काका किल्ली काढणार, तोच गर्दीतून आवाज आला. “थांबा काका!” दोन गल्ल्यांपलीकडची गाड्यांची वायरिंग करणारी ताई पुढे आली. लहानपणी ती याच व्हॅनने शाळेत जायची.

“बाबा, जरा उतरता का?”

“या आसनाला परका हात लागला तर अनर्थ होईल!”

“होऊ द्या. माझ्या दुकानात रोजच होतो.”

“उतरा महाराज,” काका हळूच म्हणाले. “पोर घरातली आहे.”

बाबा उतरले आणि काटा खाली आला. ताईने बाजूला पडलेली एक जुनी बॅटरी उचलून सीटवर ठेवली. काटा पुन्हा लाल रेघेवर!

“काय हो बाबा, वहिनी बॅटरीच्याही अंगात आल्या का?”

कुणीतरी फिसकन हसलं. या व्हॅनचं इंजिन सीटखालीच. तिथल्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरवरून ताईने खालून हात घालून वायरचं टोक काढून दाखवलं, तरी काटा वरच.

“बघा, इंजिनाचा संबंधच नाही. वायर वाटेत सोलली आहे. वजन पडलं की सीटच्या लोखंडाला टेकते, आणि काटा इंजिन उकळल्यासारखा वर जातो. बूड टेकलं की होकार, उचललं की नकार!”

बाबांना एकाएकी जपाची वेळ आठवली. त्यांच्यामागोमाग गर्दीही पांगली. गल्लीत दोघंच उरली.

ताईने बॅटरी उतरवून सीट वर केली. वायरला कापडाची कुजलेली चिंधी लोंबत होती. काकांनी ती लगेच ओळखली. वायर खडखडते म्हणून बायकोनेच उशीचा अभ्रा फाडून बांधली होती. चिंधी कुजली, वायर सुटली आणि घासून सोलली.

“म्हणजे ती नव्हतीच?”

“नव्हती, काका. गाठ मात्र काकूंचीच आहे.”

तिने वायरला टेप गुंडाळली, टोक पुन्हा सेन्सरला जोडलं, सीट बसवली आणि स्वतः तिथे बसली. काटा हलला नाही. काकांना रडू आवरेना.

“मला शंका आली होती गं,” ते म्हणाले. “पण दोन वर्षांत या दाराशी कोणी फिरकलं नव्हतं. काटा हलला आणि माणसं यायला लागली.”

ताईची मान खाली गेली. तीही आजच आली होती, गवगवा ऐकून.

तेव्हा मंडळी, इंजिन थंड असताना काटा चढला तर हात जोडू नका, सीट उचलून वायर बघा. आणि तुमच्या गल्लीत असं एकटं कोणी राहत असेल, तर बाबा पोचायच्या आत तुम्ही जा. ताई आता रोज दुकान बंद केल्यावर जाते. डाव्या सीटवर बसते, आणि काका गाडी काढतात.